होडी रस्त्याने नेताना

वैशाख सरत आला की माझ्या दुकानात दोरांना मागणी येते. डिचोलीच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेमागे, दोर, ताडपत्र्या, खिळे आणि बिजागऱ्या विकण्याचे माझे लहानसे दुकान आहे. वर्षातले दहा महिने ते पेंगत असते. मृगापूर्वीच्या पंधरवड्यात मात्र सकाळपासून माणसे येतात. कुणाला गोठ्यावर टाकायला निळे प्लास्टिक हवे असते, कुणाला पावसाची झड अडवायला पडवीला झडपे बांधायची असतात. किनाऱ्याकडचे लोकही येतात, कारण समुद्र खवळण्याआधी होड्या पाण्याबाहेर काढून झाकून ठेवायच्या असतात. काथ्याच्या नव्या दोराला एक वास असतो. खाऱ्या चिखलात महिनोन्महिने कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचा तो वास. दोराची गुंडाळी सोडली की तो दुकानभर पसरतो आणि मी कमी बोलू लागतो. गिऱ्हाइकांना वाटते, उकाड्याचा परिणाम असेल.

यंदा याच दिवसांत पेडण्याकडचे एक गृहस्थ आले. पर्यटकांना नदीत फिरवण्यासाठी त्यांनी जुनी लाकडी होडी विकत घेतली होती आणि ती ट्रकवरून आणायची होती. माझ्यासमोर दोन गोष्टी घेऊन ते उभे राहिले, एका हातात काथ्याचा दोर आणि दुसऱ्या हातात लोखंडी साखळी. "कितें व्हरूं? साखळच घट धरतली न्हय?" त्यांनी विचारले. प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर गोव्यात माझ्याइतके पक्के फार थोड्यांना ठाऊक असेल.  मी दोर त्यांच्या हातात राहू दिला आणि साखळी काढून घेतली. ते हसले. "आमच्या वाड्यावयलो विठू मेस्तूय अशेंच सांगता," ते म्हणाले, "पूण तो आतां होडयेक हात लायना. दारां-जनेलां करता, तींय कोणें चड आग्रो केलो जाल्यारच."

विठू मेस्त, होड्या बांधणारा तो सुतार, अजून हयात आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते. खरे सांगायचे तर माहीत करून घेण्याचे मी टाळले होते. डिचोलीहून पेडणे काही दूर नाही. इतक्या वर्षांत मी त्या बाजूच्या लग्नांना गेलो, जत्रांना गेलो. चापोरा नदीकाठच्या त्या एका वाड्याकडे वळणारी वाट मात्र दर वेळी न पाहता ओलांडली.

ज्या वर्षी माझी त्याच्याशी गाठ पडली, त्या १९८७ सालचा वैशाख मला रंगाने आठवतो. तो तांबडा होता. पावसाने खाणी थांबण्यापूर्वी होईल तेवढे लोहखनिज नदीतल्या बार्जांवर चढवायचे म्हणून मुळगाव, सर्वण, डिचोली या साऱ्या पट्ट्यात ट्रकांची रांग तुटत नसे. आंब्याची पाने तांबडी, वाळत घातलेली धोतरे तांबडी, दूधवाल्याच्या कासंडीवरचे फडके तांबडे. धूळ बसावी म्हणून खाणीचा टँकर दिवसातून चार वेळा रस्त्यावर पाणी शिंपडत जाई आणि घटकाभराने पुन्हा धूळ उडे. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. खाणींची अवजड यंत्रे वाहून नेणाऱ्या एका शेठांकडे सुपरवायझर म्हणून नुकताच लागलो होतो. खिशाला पेन लावून ट्रेलरसोबत जाणे, रस्त्यावरच्या विजेच्या तारा बांबूने उचलून धरायला लावणे, माल पोचवून सही आणणे, एवढेच माझे काम. पण चालक मला 'पात्रांव', म्हणजे मालक, म्हणत. त्यांनी तो शब्द थट्टेने वापरला होता, मी तो मानाने घेतला.

गोव्यात तेव्हा दोनच विषय होते. भाषेचा कायदा नुकताच झाला होता आणि घटकराज्याचा दर्जा काही दिवसांवर आला होता. कोकणी की मराठी, यावरून चहाच्या दुकानात बाके सरकत, सख्खे शेजारी एकमेकांचे पाणी घेईनासे झाले होते. माझ्या घरी मराठी पोथ्या वाचल्या जात, अंगणात कोकणी बोलली जाई, आणि आम्ही कोण, याचे उत्तर दर आठवड्याला बदले. त्या कोलाहलात शेठांनी मला बोलावून सांगितले, की पेडण्याहून एक होडी मुरगाव बंदरात न्यायची आहे. त्यांनी 'यॉट' हा शब्द वापरला होता. मी तो प्रथमच ऐकत होतो.

हेन्रिक नावाचे एक वयस्क परदेशी गृहस्थ सहा वर्षे चापोऱ्याच्या काठी राहत होते. त्यांनी विठू मेस्ताकडून शिडाची यॉट बांधून घेतली होती. छत्तीस फुटांची, सागाची, खोल तळाची. आता ते मायदेशी परतत होते आणि ती एका मालवाहू जहाजाच्या डेकवरून त्यांच्यासोबत जाणार होती. नदीच्या मुखाशी वाळू साचलेली, समुद्र फुगू लागलेला. तेवढी खोल होडी तिथून बाहेर काढणे धोक्याचे होते. म्हणून रस्ता. पणजीचा पूल आदल्या पावसाळ्यात कोसळलेला असल्यामुळे रस्ताही वळशाचा. म्हापसा, अस्नोडे, मुळगाव, डिचोली, उसगाव, फोंडा आणि बोरीच्या पुलावरून खाली.

मी ट्रेलर घेऊन पेडण्यास पोचलो तेव्हा होडी नदीकाठी माडाच्या चुडतांच्या मांडवात उभी होती. यंत्रे पाहण्याची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ती आधी होडी वाटलीच नाही. कुणीतरी उलटे टांगलेल्या मोठ्या फळासारखी ती फुगीर आणि गुळगुळीत होती, आणि तिच्या अंगाला तेलाचा मंद उजाळा होता. मेस्त तिच्याखाली मांडी घालून बसला होता. पंचेचाळिशीचा, काटक, अंगात बनियन, कानावर पेन्सिल. माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, "यंत्रां व्हरपी तूं?"

"होय."

"मागीर आयज यंत्रां विसर."

पुढचे दोन दिवस त्याने आम्हांला ती होडी प्रवासासाठी कशी तयार करायची ते शिकवले. आजही डोळे मिटले तर त्यातली एकेक कृती मला दिसते. आधी तिचे पोट रिकामे केले. पाण्याची टाकी, तेलाची टाकी, बॅटऱ्या, नांगर, साखळदंड; जे जे आत डुचमळेल किंवा आपटेल ते ते बाहेर. डोलकाठी उतरवली, वाकळींत गुंडाळली आणि तिच्या प्रत्येक तारेला चिंधी बांधून तिची जागा सांगणारी खूण केली. सुकाणू मधोमध आणून दोन्ही बाजूंनी बांधले. कपाटांची दारे काथ्याने बंद केली. हेन्रिक साहेबांच्या बशा आम्ही वर्तमानपत्रांत गुंडाळल्या. भाषावादाच्या मोठमोठ्या मथळ्यांनी त्या छान झाकल्या गेल्या. वरचे झाकण मात्र त्याने बोटभर उघडे ठेवले. "तिका उस्वास घेवंक जाय," तो म्हणाला.

मग त्याने मला तळाशी बसवले. होडीच्या तळातून पुढपासून मागपर्यंत जाणारे जाड लाकूड त्याने थोपटले. त्याला तो पठाण म्हणत होता. "सगळो भार हाचेर. कुशींक लायतात ते टेंकू फकत पडूंक न्हय म्हूण. कळ्ळें?"

मी मान हलवली. त्याचे समाधान झाले नाही. त्याने मला उभे केले. "तूं उबो रावता तो खंयच्यान?"

"पायांवर."

"आनी कोणें तुका दोनूय कुशींनी चेंपून उखल्लो जाल्यार?" त्याने माझ्या बरगड्या दोन्ही हातांनी दाबल्या. त्याचे तळवे किसणीसारखे खरखरीत होते. मी कळवळलो. आमचा चालक भिवा खो खो हसला. "मोडात हो मेस्तानू! नवो आसा, शेटीन कालच हाडल्यान."

टेकूंच्या टोकांना मेस्ताने भाताच्या तुसाची पोती बांधली, मऊ उशांसारखी. दोर काथ्याचेच वापरले आणि तेही थोडे सैल, हात घालून वर उचलता येतील असे. सगळ्या अंगावर गोणपाट पांघरला. आणि मग त्याने मला ती शेवटची गोष्ट सांगितली, दोनदा सांगितली. लाकडी होडी पाण्याबाहेर वैशाखात सुकते. सुकली की फळ्या आकसतात. म्हणून हे गोणपाट दर तीन तासांनी भिजवायचे. "माल घट बांदतात," तो म्हणाला, "होडयेक नुसती धरतात."

निघताना त्याने ट्रेलरच्या चाकापुढे नारळ ठेवला आणि जागेवरच्या राखणदार देवाला सांगणे, म्हणजे गाऱ्हाणे, घातले. त्याची बायको, पार्वती वयनी, आणि वाड्यावरची दहापंधरा माणसे होकार द्यायला भोवती उभी राहिली.

"हे बा म्हाराजा, जाग्यावयल्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही उदकाची चली आयज जमनीवयल्यान चल्ल्या. तिका पांय नात, वाट खबर ना."

"व्हय म्हाराजा!"

"कोण आडवो येत जाल्यार ताका कुशीक कर, आनी तिका दर्यार सुखरूप पावय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी म्हाराजाक सांगा," भिवा मागून म्हणाला, "अस्नोड्याच्या चढतीर माज्या गाडयेकय वायच ढकल मारूक." सगळे हसले. वयनींनी नारळ फोडून त्याला खोबरे दिले आणि मलाही दिले. मी ते खाल्ले. त्या खोबऱ्याचा गोडवा अजून माझ्या घशात अडकलेला आहे, असे मी लिहिले तर वाचकांना ते अलंकारिक वाटेल. तसे ते नाही.

माणूस वाईट कृत्य करायला निघतो तेव्हा त्याला ते ठाऊक असते, असे मी पूर्वी समजत असे. आता तसे वाटत नाही. अस्नोड्याच्या अलीकडे वळणावर होडी थोडी डोलली. तुसाच्या पोत्यांवर ती झुलली आणि पुन्हा सरळ झाली; तशी ती झुलावी म्हणूनच तर पोती होती. पण आम्ही खाणीची माणसे. आमच्या लेखी ट्रेलरवरची जी वस्तू हलते ती पडते. बुलडोझर आम्ही साखळ्यांनी असा आवळत असू, की तो ट्रेलरचाच भाग व्हावा. भिवाने गाडी बाजूला घेतली. तो बांद्याकडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा, वीस वर्षे अवजड माल ओढणारा माणूस.

"पात्रांव, ह्या काथ्यान म्हशी बांदतत. ही मुरगावाक पोचूची नाय."

मुळगावच्या आमच्या यार्डात शिरताच मी हुकूम दिला. तो मीच दिला, भिवाने नव्हे. पोती काढली आणि त्या जागी लाकडी पाचरी ठोकल्या. काथ्याच्या जागी साखळ्या आल्या. अंग खरचटू नये म्हणून खाली जुन्या ताडपत्रीच्या घड्या घातल्या आणि पेच फिरवून साखळ्या ताणल्या. मी हाताने होडी हलवून पाहिली. ती हलली नाही. मला किती बरे वाटले होते!

त्याच दुपारी शेठांचा निरोप आला, की पावसाआधी एक यंत्र तातडीने हलवायचे आहे. ट्रेलरचे पुढचे इंजिन सोडून दुसऱ्या चालकाबरोबर पाठवा, होडी चार दिवस थांबेल. म्हणजे ती यार्डात उभी राहिली. डोक्यावर वैशाखाचे ऊन, आजूबाजूला तापलेले लोखंड, अंगावर कोरडे गोणपाट. पहिल्या दिवशी मी ते एकदा भिजवले. यार्डातली माणसे जमली. "पात्रांव होडयेक न्हाणयता रे! उटणें हाड, उटणें!" कुणीतरी ओरडले. मी बादली खाली ठेवली ती ठेवलीच.

पुढे बरीच वर्षे मी स्वतःला सांगत असे, की मुळगावच्या विहिरी त्या महिन्यात आटल्या होत्या. ते खरेच आहे. खाणींच्या खड्ड्यांनी पाणी ओढून घेतले होते आणि बायका घागरी घेऊन ताटकळत. तहानलेल्यांच्या देखत लाकडावर पाणी कसे ओतायचे? हा युक्तिवाद मी इतका घासला, की तो अगदी गुळगुळीत झाला. पण खाणीचा टँकर दिवसातून चार वेळा यार्डाच्या फाटकावरून धूळ बसवीत जात होता. ते खाणीच्या खड्ड्यातलेच पाणी होते, पिण्याचे नव्हते. मी हात केला असता तर त्याने नळी आत वळवली असती. पाच मिनिटांचे काम. लोक हसतील, एवढ्याच कारणासाठी मी हात केला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिवा ट्रेलरच्या सावलीत जेवायला बसला होता. हातातला घास तसाच धरून त्याने मला बोलावले. "आयक." होडीतून आवाज येत होता, कर्र, मग शांतता, मग पुन्हा कर्र, कुणी झोपेत दात खावेत तसा. "कराकरता ही," तो म्हणाला. "पात्रांव, साखळ इल्ली सैल करूया? माका बरा दिसणा नाय."

मी म्हटले, "उद्या निघायचेच आहे. परत परत तेच कशाला?"

त्याने माझ्याकडे पाहिले, मग ताटाकडे पाहिले. "तुमी पात्रांव," तो म्हणाला, आणि या वेळी त्यात थट्टा नव्हती.

आम्ही निघालो. बोरीचा पूल ओलांडल्यावर मला आठवले, की आज होडी जहाजावर चढणार आणि तिला निरोप द्यायला मेस्त बसने बंदरावर येणार आहे. आता मी जे सांगणार आहे ते लिहिण्यासाठीच हा लेख मी आरंभला आणि इतका वेळ इकडेतिकडे फिरत राहिलो. बंदराच्या फाटकाच्या अलीकडे, एका वडाखाली, मी ट्रेलर थांबवला. साखळ्या उतरवल्या. पाचरी काढल्या. तुसाची पोती पुन्हा टेकूंना बांधली, काथ्याचे दोर पुन्हा आवळले, थोडे सैल, हात घालून उचलता येतील असे. समोरच्या हॉटेलातून चार बादल्या पाणी आणून गोणपाट भिजवले.  साखळ्या भिवाने आपल्या बसण्याच्या जागेखाली सरकवल्या. होडी फाटकातून आत गेली तेव्हा ती मेस्ताने पेडण्यात जशी सजवून दिली होती, हुबेहूब तशीच दिसत होती.

क्रेनने तिला पट्ट्यांत उचलले आणि गोणपाट गळून पडला. उजव्या कुशीला, टेकूच्या जागी, हाताचा पंजा मावेल एवढी खळगी पडली होती. फळ्यांचे सांधे उघडले होते. तपासणीसाठी आलेले अधिकारी आत उतरले आणि म्हणाले, की आतून बाहेरचा उजेड दिसतो आणि दोन फासळ्या चिरल्या आहेत. अशी होडी जहाजावर घेता येणार नाही.  साहेबांनी टोपी काढली आणि ते ती हातात फिरवत राहिले.

मेस्त आत गेला. बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या कानावरची पेन्सिल नव्हती. आमचे शेठ तोवर पोचले होते आणि अधिकाऱ्यांना सांगत होते, "लाकूड कच्चे असणार. ओल्या लाकडाची होडी बांधली, आणि ते आता आकसले." मेस्ताने ते ऐकले. त्याने दोरांकडे पाहिले, पोत्यांकडे पाहिले, ओल्या गोणपाटाला हात लावला. मग तो माझ्यापाशी आला.

"भिजयतालो न्ही रे बाबू?"

"होय."

"दर तीन वरांनी?"

"होय, मेस्त."

"साखळ-बिखळ कोणें घाली ना मूं?"

मी मान हलवली. नाही म्हणून. भिवा दहा पावलांवर उभा होता आणि समुद्राकडे पाहत होता.

"मागीर म्हजेंच चुकलें," मेस्त म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मी कदाचित तुटलो असतो. तिथे फक्त आश्चर्य होते; आयुष्यभर ज्या डोळ्याने लाकूड पारखले, त्या डोळ्याविषयीचे आश्चर्य. त्या दिवसांत सारा गोवा भाषेवरून भांडत होता. मला मात्र एक वाक्य दोन्हींपैकी कुठल्याच भाषेत उच्चारता आले नाही. अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे इंग्रजीत लिहून घेतले आणि मी खाली सही केली. मला त्यातला प्रत्येक शब्द कळत होता.

नोकरी जाईल ही भीती होतीच. पण मी स्वतःला जेवढे ओळखतो त्यावरून सांगतो, ते खरे कारण नव्हते. ज्याने मला दोन दिवस इतक्या आस्थेने शिकवले, त्याच्यासमोर 'मी तुमचे ऐकले नाही' असे म्हणण्याची मला लाज वाटली. त्या क्षणभराच्या लाजेपासून वाचण्यासाठी मी एका माणसाचे कसब त्याच्या हातून काढून घेतले. साहेब विमानाने गेले. होडी बंदराच्या कोपऱ्यात पडून राहिली आणि पुढे कुणी तिच्या फळ्या वेगळ्या केल्या. मेस्ताकडे आणखी दोघांच्या होड्या ठरल्या होत्या, त्यांनी ते सौदे मोडले, असे भिवाने मला सांगितले. नंतर भिवाही काम सोडून गावी गेला. जाताना त्याने माझा निरोप घेतला नाही. घटकराज्य झाले, मिरवणुका निघाल्या, मी त्यांत होतो आणि घोषणाही दिल्या. आता खाणी बंद पडून काही वर्षे झाली आहेत. डिचोलीच्या झाडांची पाने पुन्हा हिरवी दिसतात, रस्ते इतके शांत आहेत की जुन्या चालकांना झोप लागत नाही. धूळ बसली, म्हणतात लोक.

पेडण्याचे ते गृहस्थ दोर घेऊन गेल्यावर चार दिवस मी दुकानात बसलो. पाचव्या दिवशी दुपारी बस पकडली.

नदीकाठचा मांडव नव्हता. घरासमोर लाकडांची रास नव्हती. पडवीत मेस्त खुर्चीवर बसला होता; आता पंचाहत्तरीपलीकडचा, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेला, काळा चष्मा लावलेला. वयनींनी मला ओळखले नाही. मी डिचोलीहून आलो एवढेच ऐकून त्यांनी चहा आणून ठेवला. मी कपाला हात लावला नाही. उभ्याउभ्याच मी सारे सांगितले; पाचरी, साखळ्या, टँकर, तो कर्र आवाज, वडाचे झाड, चार बादल्या पाणी. मी क्षमा मागण्याची वाक्ये बसमध्ये जुळवून आणली होती. ती वापरण्याची वेळच आली नाही, कारण मेस्ताने मला मध्येच थांबवून विचारले, "पाचर फासळेर मारिल्ली काय दोन फासळ्यां मदीं?"

"मधे."

"उजवे कुशीक. तळांतल्यान चवथी फळी आनी पांचवी."

"होय."

त्याची बोटे खुर्चीच्या हातावर फिरू लागली, जणू तिथे ती फळी होती. बराच वेळ फिरली. मग त्याने मान वळवून आत हाक मारली. "आयकलें गे? लाकूड सुकें आसलें."

वयनी दारात आल्या. सगळे त्यांनी आतून ऐकलेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, अगदी नीट पाहिले, आणि पुढे होऊन माझ्यासमोरचा भरला कप उचलला. अंगणाच्या कडेला जाऊन त्यांनी तो माडाच्या मुळात रिकामा केला. परत येताना त्या म्हणाल्या, "राती न्हिदेंतसून उठून फळयो मेजतालो हो. कितलीं वर्सां. आतां सांगपाक आयलो?"

 मेस्ताचे आमच्याकडे लक्ष नव्हते. तो रागावेल, हाकलून देईल, निदान शिवी हासडेल, यासाठी मी मनाची तयारी करून आलो होतो. त्यातले काही झाले असते तर मी हलका होऊन परतलो असतो, आणि बहुधा त्यासाठीच मी गेलो होतो, हे आता लिहिताना मला दिसते. त्याने काळा चष्मा काढला. डोळे ओले नव्हते. तो माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलावे तसा बोलू लागला.

"होडयेच्या त्याच झाडाच्यो फळयो उरिल्ल्यो. खूब उरिल्ल्यो. लाकडान माका फसयलो म्हूण हांवें त्यो फोडून न्हाणीच्या चुलीक घातल्यो. दोन पावस पुरल्यो." तो थांबला. "हरवें, ओलें लाकूड जळटना धुंवर करता, हें ल्हान भुरग्याकूय कळटा. त्या लाकडाक धुंवर नासलो. बरें लखलखीत जळटालें. हांव थंयच बसून पळयतालों." त्याने माझ्याकडे चेहरा वळवला, आणि त्यावर पुन्हा तेच आश्चर्य होते. "माका तेन्नाच कळपाक जाय आसलें, न्ही रे बाबू?"